चाळीस टक्क्यांचं घर

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आणि वर मलाच म्हणतो, घराला वास येतो! ह्याच्या भिंतींना रंग मी दिला, ह्याच्या बाथरूमची काळी बुरशी मी घासली, इंग्लंडच्या दर थंडीत ह्याचा घर तापवायचा बॉयलर बंद पडला की अंगात कोट घालून मी पोळ्या लाटल्या. तेव्हा ह्याच्या नाकाला काही झालं नाही. आज घर विकायचं ठरलं, तर लगेच फोडणी नाकात गेली.

घरमालक आला तो न कळवता. बरोबर टाय लावलेला एजंट, हातात भिंती मोजायचं यंत्र. माझी कणीक ओट्यावर, तवा तापलेला, आणि हा माणूस बूट घालून माझ्या स्वयंपाकघरात लाल दिवा मारतोय. म्हणे, लोक घर बघायला येतील, तोवर फ्राइंग बंद ठेवा. मी म्हटलं, माझे डबे जातात, ब्रॅकनेलच्या ऑफिसांतली आपली पोरं त्यावर जेवतात, आमटी काय नुसती उकळून देऊ? म्हणजे म्हणायचं होतं. इंग्रजीत माझं "नो फ्राय, नो फूड" एवढंच बाहेर पडलं.

जाताना दारात सांगितलं, नोव्हेंबर संपायच्या आत घर रिकामं करा, नोटीस पोस्टाने येईल. उद्या कचऱ्याचे डबे बाहेर ठेवा, अशा आवाजात सांगितलं.

हे बाजूला उभे होते. हॉस्पिटलच्या किचनमध्ये दुपारची ड्यूटी म्हणून घरी होते. काय म्हणाले? "ओके सर. थँक यू सर." घरातून काढतोय त्याला थँक यू! मी लाटणं असं आपटलं की एजंटने मागे वळून बघितलं. ह्यांनी नाही बघितलं.

रविवार, १४ सप्टेंबर

कस्तुरी लॅपटॉप घेऊन बसली. आमची एकुलती एक, दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे, इथेच वाढली, त्यामुळे मराठी बोलते ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. "आई, ती फ्लॅट बघ ना. किचन एवढी मोठी आहे."

तीन वाटा सांगितल्या तिने. एक, परत भाड्याने. दोन, बँकेकडून पूर्ण मॉर्गेज, म्हणजे घराचं कर्ज. बँकेच्या माणसाशी ती फोनवर बोलली, तो म्हणाला बाबांचं वय छप्पन्न, पगार हा असा, बँक देईल त्यात इथे गॅरेजसुद्धा येत नाही. तीन, शेअर्ड ओनरशिप. म्हणजे हाउसिंग असोसिएशन नावाची संस्था असते, तिच्या घराचा थोडा हिस्सा आपण विकत घ्यायचा, उरलेल्या हिश्शाचं तिला भाडं द्यायचं. पुढे जमेल तसा हिस्सा वाढवायचा.

मी म्हटलं, म्हणजे भागीदारीत घर? मी भागीदारीतलं घर बघितलंय. माझ्या माहेरी एका संडासावरून दोन चुलत्यांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं होतं.

"आई, तसा नाही. ती संस्था आहे. ती येऊन तुझी टॉयलेट नाही वापरणार."

हे ऐकत होते का देव जाणे. रविवार म्हणजे ह्यांचा साताऱ्याला भावाला फोन. भाऊजींना, म्हणजे श्रीनिवासला, विचारतात काय? टाकी धुतली का. गच्चीला ओल आहे का. गॅलरीची जाळी बसवली का. इथे आपल्या डोक्यावर छप्पर राहत नाही आणि ह्यांना दुसऱ्याच्या गच्चीची काळजी. मी ऐकवलं तसं. म्हणाले, "विचारलं सहज."

बुधवार, १७ सप्टेंबर

वरदा पोळ्या न्यायला आली. पुण्याची आहे, ती आणि नवरा पुष्कर दोघं सॉफ्टवेअरमध्ये, गेल्या वर्षी मॉर्गेज काढून घर घेतलं. तिला विचारलं, हे अर्धं-मुर्धं घर कसं असतं गं?

"काकू, अजिबात पडू नका त्यात. भाडं पण तुमचं, हप्ता पण तुमचा. वर सर्व्हिस चार्ज. विकायला गेलात की आधी त्यांना विचारा. त्यापेक्षा सरळ फुल मॉर्गेज घ्या, नाहीतर मस्त रेंटवर रहा."

मस्त रेंटवर! मी म्हटलं, बाई, मस्त रेंटवर राहणारी तुझ्यासमोर उभी आहे, बघून घे. आणि फुल मॉर्गेज तुझ्या पगारात येतं. तुझ्या एका महिन्यात माझ्या सात जन्मांच्या पोळ्या बसतात.

ती हसली. मग गेली नाही लगेच, पिशवी हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "काकू, खरं सांगू? आम्हाला पण झोप नाही लागत. पुष्करच्या कंपनीत माणसं काढतायत." मला वाटलं होतं, घरवाल्यांना झोप लागत असेल. तिला दोन पुरणपोळ्या जास्त घातल्या.

शनिवार, २० सप्टेंबर

भाड्याचं घर बघायला गेलो. दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग. रेशनच्या दुकानात उभी राहिले आहे मी, पण तिथे रांगेतल्याला रॉकेल तरी मिळायचं. आमची पाळी आली तोवर आतून एजंट बाहेर आला, म्हणाला घर गेलं. आम्ही चौकटसुद्धा ओलांडली नाही. मागितल्यापेक्षा जास्त भाडं कोणीतरी कबूल केलं म्हणे.

घरी येऊन कस्तुरीला म्हटलं, त्या संस्थेला फोन लाव.

शनिवार, २७ सप्टेंबर

गेलो. मी नवरात्राच्या उपासाने अर्धी, तरी गेलो. नवी बिल्डिंग, अजून मागच्या बाजूला बांबू... बांबू कसले, लोखंडी नळ्या लावलेल्या. दुसरा मजला, दोन बेडरूम. ओटा एवढा लांब की एका टोकाला कणीक मळावी आणि दुसऱ्या टोकाला डबे भरावेत. शेगडीवरचा पंखा धूर थेट बाहेर ओढतो. मी तिथेच उभी राहिले. माझ्या पायांना तिथून हलायचं नव्हतं.

दाखवणारी बाई हेलन. पांढरे केस, गोड बोलते, हळू बोलते, त्यामुळे मला बरंच कळलं. आम्हाला झेपेल तो हिस्सा म्हणाली चाळीस टक्के.

मी कस्तुरीला म्हटलं, विचार, चाळीस टक्क्यांत स्वयंपाकघर येतं का. बेडरूम त्यांना ठेवू देत.

कस्तुरी लाल झाली. "आई, असा कापत नाही घर. केक नाही तो."

"मग कुठला भाग आपला?"

"सगळ्याचा थोडा."

विचारलंच तिने शेवटी. हेलन हसली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, राहायला सगळं घर तुमचंच, किचन तर नक्की तुमचं. मग मी विचारलं, जिन्याची साफसफाई, लिफ्ट, छप्पर, ह्याचा खर्च? साठ टक्के ते देणार ना? तर नाही! तो पूर्ण आमचा. चाळीस टक्के घर आणि शंभर टक्के झाडू! असा हिशोब आमच्या चुलत्यांनीपण केला नसता.

पण ओटा डोळ्यांसमोरून जात नाही. आणि पळत सुटले नाही, त्याचं कारण ती रांग. इथून मला कोणी "बाहेर" म्हणणार नाही, हप्ता आणि भाडं भरलं की. छपराचं कळलं आता, ते धरून चालू.

हे खिडकीशी उभे होते. हेलनने विचारलं, व्ह्यू आवडला का? समोर कार पार्क. म्हणाले, "व्हेरी नाइस."

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. डबे लवकर आटपले. इथे झेंडू मिळाला तो कुंडीतला, तोडवेना, कुंडीच दारात ठेवली. श्रीखंड केलं. कस्तुरीने फ्लॅट आमच्यासाठी धरून ठेवायची रक्कम भरली, मी हेलनचा फोन ठेवल्यावर देवापुढे साखर ठेवली. वीस वर्षं ह्या देशात. दर घरात खिळा ठोकताना परवानगी विचारली. आता चाळीस टक्के खिळे तरी माझे.

हे जेवले नाहीत नीट. पुरी चिवडत बसले. मग एकदम म्हणाले, "इथेच म्हातारं व्हायचं का गं आपण?"

मी म्हटलं, "मग कुठे, चंद्रावर?"

श्रीखंडाची वाटी तशीच. एवढा चक्का टांगून केलेलं. माणसाला आनंदाच्या दिवशी आनंद करता येत नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

जे झालं ते लिहिते तरी.

आज हेलनकडे पक्कं करायला गेलो. तिघंही. हेलनने एकेक प्रश्न विचारला, कस्तुरी सांगत गेली. पगार, व्हिसा आहे की इथला पासपोर्ट, कर्ज काही आहे का. मग म्हणाली, तुमच्या दोघांपैकी कोणाच्या नावावर घर आहे का, इथे किंवा जगात कुठेही?

हा प्रश्न मला कळला. मीच उत्तर दिलं, मोठ्याने. "नो हाउस. ट्वेंटी इयर रेंट. ओन्ली रेंट." हेलनने मान हलवली, म्हणाली, कागदावर तशी सही करायची आहे, आणि खोटं निघालं तर गुन्हा होतो.

ह्यांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली, परत उचलली, टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मॅडम. देअर इज वन फ्लॅट. सातारा. इंडिया."

मला वाटलं भाऊजींच्या फ्लॅटचं बोलतायत. मी मराठीत म्हटलं, "अहो, ती भावाचं नाही विचारत, तुमचं विचारतेय."

तर हे म्हणतात, "नॉट मी. शी हॅज. हर नेम."

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, की कोण बाई आत आली. मागे कोणी नव्हतं. पाण्याचं मशीन होतं.

कस्तुरी म्हणाली, "बाबा, व्हॉट?" हेलन माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दोघींना एकाच वेळी कळलं, आणि तिला माझी दया आली, ते तिच्या तोंडावर दिसलं. माझ्या नावावर घर आहे ही बातमी मला एका गोऱ्या बाईच्या टेबलावर!

हेलन म्हणाली, बाहेरदेशी घर असलं तरी ते विकल्याशिवाय हे मिळणार नाही. विकायचं ठरवलं तर कळवा, शुक्रवार १७ तारखेपर्यंत फ्लॅट धरून ठेवते. आम्ही बसने आलो. मी वेगळ्या सीटवर बसले.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अबोला. माझा. "कस्तुरी, तुझ्या बाबांना सांग भात झाला." "कस्तुरी, तुझ्या बाबांना विचार, आणखी किती घरं आहेत माझी? एखादा राजवाडा?" ती वैतागली. "आई, मी काय तुझी इंटरप्रिटर आहे? तुम्ही दोघं एकच भाषा बोलता!"

पण काढून घेतलं तिच्याकडून आणि ह्यांच्याकडून मिळून. सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही गेलो होतो. तेव्हा ह्यांनी मला साताऱ्याला एका ऑफिसात नेलं होतं. मला चांगलं आठवतंय. अंगठा मशीनवर ठेवला, फोटो काढला, सह्या केल्या. मला सांगितलं, श्रीनिवास घर घेतोय, तू साक्षीदार. मी म्हटलं बरं, लवकर आटपा, मला बांगड्या घ्यायच्यात. मी त्या ऑफिसातून घरमालकीण होऊन निघाले आणि बांगड्यांचा भाव करत बसले!

पैसे ह्यांचे. रेस्टॉरंटमध्ये कुक होते तेव्हाचे, जादा शिफ्टचे. मी समजत होते ते सासूबाईंच्या दवाखान्यात गेले.

मी शेवटी सरळच विचारलं, कस्तुरीला मध्ये न घालता. माझ्या नावावर का?

"घरातल्या लक्ष्मीच्या नावावर घ्यायची पद्धत आहे."

"आणि लक्ष्मीला सांगायची पद्धत नाही?"

"सांगितलं असतं तर तू विकायला लावलं असतंस. कस्तुरीच्या शाळेसाठी, नाहीतर इथल्या कुठल्यातरी..." मग म्हणाले, "मी आधी गेलो तर तुला कोणी घरातून उठवू नये, एवढंच होतं डोक्यात."

एवढं बोलून भांडी घासायला गेले. भांडी मी घासलेली होती. तीच परत घासली. सबब शोधायला इतकी वर्षं मिळाली, चांगली जमवली आहे.

आणि मला एकदम कळलं. त्यानंतर दर खेपेला मला साताऱ्याला का उतरू दिलं नाही! भाचीच्या लग्नाला गेलो तर थेट सोलापूर. म्हणे गाडी चुकेल. कोणती गाडी? आम्ही टॅक्सीत होतो!

शनिवार, ११ ऑक्टोबर

मीच फोन लावला, व्हिडिओवर. जाऊ, सुमन, दिसली. पदराला हात पुसत. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "ताई, कळलं मला. ह्यांना थोरल्या भाऊजींचा फोन आला होता. पण देवाशपथ, आम्हाला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कधी विषय काढत नाही, म्हणजे मोठेपणा तुमचा."

मोठेपणा! सगळ्यांना ठाऊक. मी सोडून सगळ्यांना.

मी म्हटलं, दार दाखव. ती चपला घालून बाहेर गेली, दार ओढून घेतलं, फोन वर धरला. पितळेची पाटी. सौ. लीलावती ज्ञानेश्वर निकम. खाली श्रीनिवासचं नाव, छोटं, कागदावर लिहून चिकटवलेलं. पाटी चकचकीत होती. सुमन म्हणाली, "दर दसऱ्याला चिंच लावून घासते. परवाच घासली."

माझं नाव मी कुठे बघितलंय? औषधाच्या पाकिटावर. नोटिशीवर. मी म्हटलं, "आत दाखव." आत गेली. शेगडी चुकीच्या बाजूला ठेवली आहे तिने, उजेड पाठीकडून येतो. बोलणार होते, जीभ आवरली. कोपऱ्यात त्यांच्या मुलाचं टेबल, बारावीला आहे. ओटा लहान आहे पण काळ्या कडप्प्याचा आहे. चांगला आहे.

तेवढ्यात हे मागून आले. सुमनला म्हणाले, "सुमन, जरा गॅलरीत ने फोन." तिने नेला. अजिंक्यतारा दिसतो तिथून, अख्खा. हे बघत राहिले. मी म्हटलं, झालं का बघून? डोंगर काय आज नवीन आला? ह्यांना ऐकूच गेलं नाही. माझ्याकडे बघायची लाज वाटली की माणूस डोंगरसुद्धा बघतो. ह्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. कांदा मी चिरून ठेवला होता, खरं तर, पण लांब, टेबलावर.

रविवार, १२ ऑक्टोबर

कस्तुरी म्हणते, "आई, सिंपल आहे. विक. मग चाळीसचे साठ टक्के पण होतील. तुझा किचन तुला मिळेल." तिचं बरोबर आहे. वरदाला फोन केला, ती म्हणते, काकू, विकू नका, रेंटवर काढा, तिकडे जमीन वाढतेय. तिचंही बरोबर असेल.

मग श्रीनिवास भाऊजींचा फोन. मी भांडायची तयारी करून उचलला. भांडणारा माणूस असता तर बरं झालं असतं.

"वहिनी, घर तुमचं. सांगाल त्या दिवशी रिकामं करू. फक्त आमच्या समरची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, तोवर जमलं तर बघा. नाही जमलं तरी हरकत नाही."

नाही जमलं तरी हरकत नाही! हेच वाक्य, हाच खाली घातलेला आवाज, थोरल्याचं धाकट्याला लागलंय. मी फोन ठेवला आणि बसले. गेल्या महिन्यात माझ्या दारात तो टायवाला घेऊन घरमालक उभा होता. आता त्या दारात मी उभी आहे, बूट घालून. माझ्या हातात यंत्र आहे भिंती मोजायचं. मला हे नको होतं. मला फक्त एक ओटा हवा होता.

हे तिथेच बसून होते. विचारलं, मी काय करू? म्हणाले, "तू म्हणशील ते."

सोमवार, १३ ऑक्टोबर

चकलीची भाजणी दळून झाली, दिवाळीच्या ऑर्डरी उभ्या आहेत, आणि माझं चित्त नाही. हे पान मी फाडणार आहे आणि उद्या ह्यांच्या ड्यूटीच्या डब्यात पोळीवर ठेवणार आहे. तोंडावर विचारलं की भांडी घासायला जातात. हॉस्पिटलच्या किचनमध्ये दिवसभर दुसऱ्यांची भांडी आहेत, तिथे तरी पळणार कुठे?

अहो,

मी रागावलेली आहे आणि राहणार आहे. ते वेगळं.

घर विकायचं का, हे मी तुम्हाला विचारत नाही. घर माझ्या नावावर आहे, तुम्हीच केलंत, ते मी बघीन. भाऊजींच्या पोराची परीक्षा होईपर्यंत त्यांना मी हात लावणार नाही, हेही माझं ठरलंय. हेलनबाईला ते चालणार नसेल तर तिचं किचन तिला लखलाभ.

मी वेगळं विचारतेय. दसऱ्याला तुम्ही मला विचारलंत, इथेच म्हातारं व्हायचं का. मी चंद्र म्हटलं. आता मी तुम्हाला विचारते. तुम्हाला कुठे म्हातारं व्हायचंय? मला कुठे हवंय ते नाही, कस्तुरीला काय वाटेल ते नाही, श्रीनिवासचं काय होईल ते नाही. तुम्हाला.

"तू म्हणशील ते" हे उत्तर मी घेणार नाही. मान खाली घालून दिलेलं घेणार नाही. हेलनबाईला शुक्रवारी हो की नाही सांगायचंय, आणि ते मला तुमचं ऐकल्यावर सांगायचंय.

गुरुवारी, १६ तारखेला, तुमची सकाळची ड्यूटी आहे, चारला घरी येता. कस्तुरी उशिरा येते. चहा ठेवते. चहा संपायच्या आत तोंडाने सांगा.